अण्णांच्या कागदांचा गणपती

ती. सरलाताईंना अनघाचा वाकून नमस्कार.

गुडघ्याची सूज उतरली का? भावोजींचा खोकला? आम्ही खुशाल आहोत. अण्णांची तब्येत उत्तम आहे. ती तशीच राहावी म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. (मेसेज करत नाही. तुम्ही तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकता, आणि तुमचे वडील ग्रुपवर आहेत.)

यंदा जानकीपुरमच्या मराठी मंडळाने कागदाच्या लगद्याचा गणपती करायचं ठरवलं. अध्यक्ष इंद्रजितांनी लगदा करायचं मशीन आणलं. आकाराने वॉशिंग मशीनएवढं, आवाज अमौसी विमानतळावरून उडणाऱ्या विमानाचा. त्यांची अट एकच, कागद मराठी हवा. बाप्पा हिंदी पेपरांचा कसा चालेल? पण लखनौत मराठी रद्दी आणायची कुठून? मला कपाटावर दोरीने बांधलेला एक गठ्ठा मिळाला. वरच्या कागदावर वैद्यांनी दिलेली पथ्याची यादी होती. (धूळ बसू नये म्हणून ठेवलेली.) खालचं मी पाहिलं नाही. खाली अण्णांचं आत्मचरित्र होतं. सहाशे बारा पानं, हाताने लिहिलेली. दुसरी प्रत नाही.

मशीन चालवणारे मोहन भैया म्हणाले, "भाभीजी, दो मिनट में दलिया." तेवढीही लागली नाहीत. पाणी निळं झालं. मी विचारलं, छापील कागदाची शाई तर काळी असते ना? "अरे छोड़िए, भगवान का रंग है." त्यांनी झाकण उघडलं. एक कपटा तरंगत होता. त्यावर अण्णांच्या अक्षरात 'सरला जन्मली' एवढंच. मी हात घातला. तो बोटांत विरघळला.

मूर्ती सुरेख झाली. अण्णा रोज आरतीला येतात. परवा म्हणाले, "चेहरा ओळखीचा वाटतो गं." मी प्रसादाचं ताट घेऊन बाहेर गेले.

काल त्यांनी कपाटावर हात फिरवला. "अनघा, माझा गठ्ठा?" माझ्या तोंडून निघून गेलं, सरलाताईंना वाचायला पाठवला. ते खुर्चीत बसले. "तिने मागितला?" मी हो म्हणाले. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस इतका लाजलेला मी पाहिला नव्हता.

राजेश म्हणतो, खरं सांगून टाक. मुलगा तो आहे, पण स्वतः सांगत नाही.

तुमची,
अनघा

ता. क. रविवारी चार वाजता अण्णा तुम्हाला फोन करणार आहेत. गठ्ठा पोचला म्हणा.

आणखी एक. आई गेल्या ते प्रकरण कसं वाटलं, हे ते नक्की विचारतील. त्यात काय होतं मला ठाऊक नाही. आमच्यापैकी कोणी वाचलंच नव्हतं. तुम्हाला आठवेल ते सांगा. ते दीडशे पानांचं होतं म्हणे, तेव्हा थोडक्यात उरकू नका.