दोघांपुरतं पातेलं

मी, पंढरीनाथ दत्तात्रय घारपुरे, वय ७९, रेल्वेच्या पूल विभागातला निवृत्त इंजिनिअर, मूळचा वाईचा, राहणार तेलीबाग, लखनौ, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. भीती मात्र आहे, आणि भ्यालेल्या माणसाचं मृत्युपत्र कायद्याला चालतं, एवढं मी वकिलांना विचारून घेतलं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते केलं तेव्हा माझं हृदय ठणठणीत होतं आणि कल्पनाला आजचा वार सांगता येत होता.

१. घर. माझी पत्नी कल्पना जिवंत असेतो याच घरात राहील. तोवर घर विकू नये, आणि मागच्या अंगणात फरशी घालू नये, कारण तिथे तिची तीन विटांची चूल आहे. तिच्या पश्चात घर चिरंजीव आशिष आणि नात अनन्या यांना समान. आशिषने कल्पनाला विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या केअर सेंटरमध्ये ठेवलं तर त्याचा हिस्सा अनन्याला जाईल. आशिष इथेच लखनौत, जानकीपुरमला असतो, औषधांवर संशोधन करतो, मुलगा वाईट नाही. पण त्याचं एकच पालुपद आहे: "बाबा, तिथे ट्रेन्ड लोक असतात, चोवीस घंटे देखभाल होते." ती ट्रेन्ड माणसं तिला नाकातल्या नळीने जेवू घालतील. हे मला मान्य नाही, मेल्यावरही मान्य असणार नाही.

२. बँकेतले पैसे कल्पनाच्या खर्चासाठी. माझे नटबोल्टचे पाने, मोजायची टेप आणि लेव्हल अनन्याला. तिला पहाडात भटकायची हौस आहे. म्हणून कॅम्पचा पितळी स्टोव्हही तिलाच दिला असता, पण तो आता कोणाला देता येत नाही. तो कामावरचा माझा सहकारी धनंजय सहस्रबुद्धे याने उसना नेला आणि बर्नर फोडून परत आणला. तो वारला, तरी त्याला मी क्षमा केलेली नाही.

३. पातेलं. हे कलम सर्वांनी नीट वाचावं, वकिलांनीसुद्धा.

आमचा अर्धा संसार पुलांच्या कामावर तंबूत झाला. माझ्या जेवणाला वेळ नसे. कल्पना तंबूपुढच्या अंगणात दोघांपुरती खिचडी करून ठेवी. मी केव्हातरी येऊन अर्धी खाई आणि पुन्हा कामावर जाई. ती कुठे पाणी भरायला, लाकडं आणायला गेलेली असे. परत आली की झाकण उचलून बघे. अर्धी संपलेली दिसली की मगच स्वतः जेवे. मी तिला यावरून कितीदा रागावलो, पण ती कसली ऐकते.

आता तिच्या मनाने ती पुन्हा त्या तंबूत राहायला गेली आहे. गॅसवरचं जेवण तिला परक्याचं वाटतं. चुलीवरचं चालतं, आणि तेही झाकण उचलून पाहिल्यावर. गेल्या हिवाळ्यात मी हृदयासाठी इस्पितळात पडलो. आशिषने चुलीवर खिचडी केली आणि "आई, बाबा जेवले" असं सांगितलं. तिने झाकण उचललं, पातेलं भरलेलं होतं, झाकण पुन्हा ठेवलं आणि दाराशी बसून राहिली. रोज तेच. शेवटी तिला सलाइन लावावं लागलं. त्याच धांदलीत पातेलं चुलीवर राहिलं आणि त्याचं बूड जळून गेलं.

मी घरी आलो, समोर बसून जेवू लागलो, तरी ती जेवेना. मला कळेना. आशिषने स्टीलचं मोठं पातेलं आणलं होतं. अनन्याने तिचा ट्रेकिंगचा सेट दिला. "आजोबा, एकदम हल्का है, सब यही ले जाते हैं," म्हणाली. ते उंच आणि अरुंद. खाली करपलं, वर कच्चं राहिलं, आणि दांड्याचं रबर लाकडाच्या जाळाने वितळलं. कल्पनाचे हात काडीसारखे झाले. मी तिच्यापुढे हात जोडले, ओरडलोसुद्धा. मग एक दिवस ती स्टीलच्या पातेल्यात वाकून म्हणाली (मला ती पहिल्यापासून साहेबच म्हणते), "साहेबांनी हातच लावला नाही." इतक्या रुंद भांड्यात माझं खाल्लेलं तिला दिसतच नव्हतं. मग मी जुन्याच मापाचं पातेलं शोधून आणलं, आणि त्या दिवशी ती जेवली.

४. पुढे भांडं फुटलं तर कसं निवडावं. यहियागंजच्या भांडीबाजारात जावं, सोबत दोन माणसांचे डाळ-तांदूळ न्यावेत आणि दुकानदार हसला तरी भांड्यात ओतून पाहावेत. जाड बुडाचं ॲल्युमिनियम घ्यावं, पातळ पत्र्याचं नको. उचलायला लोखंडी कडी हवी, प्लास्टिक-रबर काही नको. रुंदी आपल्या वितीएवढी, झाकण घट्ट. शिजलेली खिचडी कडी जिथे ठोकलेली असते त्या रिव्हेटपर्यंत यावी आणि निम्मी काढली की फरक आंधळ्यालाही कळावा. "कल को मेहमान आएँगे" म्हणून दुकानदार मोठं गळ्यात मारतो. घेऊ नये.

५. माझ्यामागे रोज दोघांची खिचडी व्हावी आणि तिने पाहण्याआधी कोणीतरी निम्मी खावी. ती टाकून देऊ नये. अन्न टाकलेलं कल्पनाला चालत नाही. अनन्याने इथे येऊन राहायचं कबूल केलं आहे. ती नसेल त्या दिवशी शेजारचे मिश्राजी. धुराबद्दल त्यांनी माझ्याशी वर्षभर भांडण केलं आहे, पण याला ते हो म्हणाले.

आज सही करण्याआधी एकदा करून पाहिलं, कारण मला खात्री हवी होती. मी आतल्या खोलीत दार लावून बसलो. मिश्राजींनी माझ्या वाटची निम्मी खिचडी खाल्ली, झाकण ठेवलं आणि बाजूला झाले. कल्पना आली. झाकण उचलल्याचा आवाज आला, मग ताट घेतल्याचा. थोड्या वेळाने मिश्राजी दाराशी येऊन हळूच म्हणाले, "घारपुरे साहब, भाभीजी ने पूरा खा लिया।"

साहेब कुठे आहेत, असं तिने एकदाही विचारलं नाही. मी देवाकडे हेच मागत होतो आणि ते मिळालं आहे. तरीही मला खोलीतून बाहेर यायला फार वेळ लागला. खालची सही हलली आहे ती त्यामुळे, आजारामुळे नव्हे, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

पंढरीनाथ दत्तात्रय घारपुरे

आमच्यासमोर सही केली. सही करताना ते पूर्ण भानावर होते:
१. ब्रजेश मिश्रा, शेजारी
२. डॉ. नंदा करमरकर

तेलीबाग, लखनौ
दि. १७ नोव्हेंबर २०२४