अर्पा घरी जाते

बुधवार, १२ नोव्हेंबर. लीड्स.

चर्चच्या बायबल स्टडीत आज रूथचा अध्याय. म्हटलं, परत तेच. नवरा गेला तरी सासूला न सोडणारी रूथ, आणि माहेरी परतलेली तिची जाऊ अर्पा. आमच्या नगरच्या चर्चमध्ये अर्पा म्हणजे कच्च्या मनाची. हे गेल्यावर मी सासूबाईंना सांभाळलं, तेव्हा इथे सगळे मला रूथ म्हणायचे. आता त्याही नाहीत. कुणाची रूथ मी?

पण आज शिकवायला दिनेओ होती, बोट्स्वानाची. तिच्या गावी बायका ही गोष्ट उभं राहून करून दाखवतात आणि अर्पाला कुणी नावं ठेवत नाही. "तिलाही आई होतीच ना?" म्हणाली, आम्हालाही उभं केलं आणि मलाच अर्पा केलं.

अर्पानं निघायची वेळ आली तरी मी सवयीनं सासू झालेल्या मार्गारेटचाच हात धरून उभी! सगळ्या हसल्या. दिनेओ आई होऊन किचनच्या दारात थांबली होती. गेले. तिनं जवळ घेतलं, इंग्लिशमध्येच विचारलं, "आलीस, बाळा? जेवलीस का?"

मला रडूच फुटलं. काय हा वेडेपणा, आईला जाऊन किती वर्षं झाली! पण जेवलीस का, हे शेवटचं कुणी विचारलं होतं?

घरी आले. अंधार, हीटिंग बंद. कोट न काढताच मोठ्यानं म्हटलं, मराठीत, "आलीस? जेवलीस का?"

विचारलंय तर उत्तर द्यायला हवं. भात लावला.