पळाली न्हाई, पळवली

मुंबई, एप्रिल १९९८

आबा,
पाया पडते. मी बरी हाय. सोडवलेल्या पोरींच्या संस्थेत पोटभर जेवण मिळतं, शिवण शिकते. आईचा गुडघा कसा हाय? यंदा हिरडा वेचायला धाकटी अक्षदा जाते का?

काल कोर्टात साक्ष दिली. तुमी ज्याला पावणं म्हणता त्या हौशीरामनं लग्नाचं सांगून मला इथं आणून कोठ्यावर विकलं, हे सगळं बोलले. त्याचा वकील म्हणला, "तुझ्या बापानंच पोलिसांत सांगितलंय, पोरगी पळाली." हौशीराम हसला.

लई संताप झाला, आबा. धाडीत पोलिसांनी आधी मलाच धरलं, अन् हा जामिनावर हिंडतोय. कायदा कडक करा म्हणून इथल्या ताई मोर्चे काढत्यात. पण बापच 'पळाली' म्हणल्यावर कायदा काय करील? पोरगी पळवली व्हती. गावातल्या अब्रूपायी तुमी त्यातला 'व' गिळला अन् 'ळ'ला काना दिला.

पुढच्या तारखेला या, जजसाहेबांपुढं 'पळवली' म्हणा. अन् हौशीराम अक्षदाला स्थळ घेऊन आला, तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

मी पळाले असते, तर घराकडंच पळाले असते.

तुमचीच पोरगी,
उज्ज्वला