मुकुलची व्हायकिंग बोट

४ जुलै २००५
गेला! चांगी विमानतळावर लेकीचा, इराचा पापा घेतला, मला म्हणाला, "महिनाभराचा तर प्रश्न." इतकी वर्षं हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांची जहाजं हलवली, आता नवरोबांना स्वतः वल्हं मारायचंय! तेही व्हायकिंगांच्या हजार वर्षांपूर्वीच्या बोटीसारख्या हुबेहूब बांधलेल्या बोटीवर — नॉर्वे ते डब्लिन. सगळी हौशी माणसं. वर छप्पर नाही, खाली इंजिन नाही. ऑफिसातल्या नॉर्वेच्या साहेबाने ह्याचं नाव सुचवलं म्हणे. त्याचं काय जातंय!

५ जुलै
सासूबाईंचा पुण्याहून फोन. "अगं, हा कधी मुठेत तरी पोहलाय का?"

११ जुलै
परवा निघाले. सॅटेलाइट फोनवर नुसती खरखर, पण किती खूश होता! लोकरीचं शीड, ओल्या फळ्यांवर झोप, हाताला फोड. इराने विचारलं, "पापा, यू गोइंग टु रॉब पीपल आह?"
"नाही गं, ह्या खेपेला नुसतं पोचायचं."
मला हसू आलं नाही.

१४ जुलै
सेंगकांगच्या लायब्ररीतून व्हायकिंगांवरचं पुस्तक आणलं. चूक केली. मठ लुटायचे, माणसं धरून डब्लिनच्या बाजारात विकायचे — ते वाचून शहारा आलाच. पण मी अडकले मागे राहिलेल्यांपाशी. गेलेल्यांच्या नावाने दगड उभारलेत. त्यावर कोरलंय — पश्चिमेला गेला, तिकडेच मेला. एवढंच!
पुस्तक मिटून कपाटावर टाकलं.

१९ जुलै
फोन नाही.

२० जुलै
आजही नाही. वेबसाइटवर फक्त 'हवामान खराब'. LRT ट्रेनमध्ये आमचं स्टेशन गेलं तरी बसूनच होते. इराला सांगितलं, बॅटरी संपली असेल. स्वतःला काय सांगू?

२१ जुलै
जिवंत आहे!! वादळात सुकाणू बांधलेली दोरी तुटली. बोट लाटांना आडवी झाली, पाणी आत. मुकुल तासन्तास बादलीने उपसत होता, शेवटी अंग गार पडून कोसळला. सोबतच्या मदतनौकेवर उचलून घेतला. आता स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावर दवाखान्यात आहे.
"बोट दुरुस्त होतेय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवसांनी परत बोटीवर जाऊ शकतोस."
"विमानाने घरी ये."
"सुलेखा, थोडंच राहिलंय गं."
"ये म्हणते ना!"
मग मी इराच्या हातात फोन दिला. ती रडणार, हे मला माहीत होतं.

२५ जुलै
आला! गाल बसलेत, तळहात सोललेत. गरम वरणभात वाढला, मुकाट्याने जेवला. कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

८ ऑगस्ट
बोट डब्लिनला पोचली. इराने कॉम्प्युटरवर फोटो उघडले — धक्क्यावर ही गर्दी, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले. "पापा, व्हेअर आर यू?" म्हणून ती एकेक चेहरा शोधत होती.
मुकुल उठला, आत गेला, दार लावून घेतलं.
मी बाहेर उभी. हाक मारायचं धाडस होईना.