कढीपत्ता आणि मी

२ एप्रिल
अनुराधा पुण्याला गेली. लेकीचं, क्षितिजाचं बाळंतपण. जून उजाडेपर्यंत काही येत नाही. जाताना दोनच गोष्टी बजावल्या: बीपी आहे, मीठ कमी खायचं, आणि गॅलरीतला कढीपत्ता जगवायचा. तिच्या आईने उज्जैनहून दिलेलं रोप, आता छातीएवढं झालंय. मी उभा जन्म कारखान्यात टर्बाइन सांभाळले. एका कुंडीचं काय!

५ एप्रिल, संध्याकाळ
कुंडीशेजारी खुर्ची टाकून बसलो. विलक्षण शांतता. झाड उलट उत्तर देत नाही. रोज चिंतन करायचं ठरवलं. कशाचं, ते उद्या ठरवू.

९ एप्रिल
कॉलनीच्या ग्रुपवर आलं की कढीपत्त्याला ताक द्यावं. मला तर लागतंच. आता आम्ही दोघं घेतो. एक ग्लास मला, एक त्याला. जिरं, हिंग, काळं मीठ, सगळं साग्रसंगीत. दुजाभाव नाही.

१७ एप्रिल
पानांच्या कडा तपकिरी. भोपाळचं ऊन, दुसरं काय. ताक दोन्ही वेळा सुरू केलं.

२१ एप्रिल
वरच्या मजल्यावरच्या सिंधूताई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, भाऊ, तुमची मीठी नीम (इथे कढीपत्त्याला असंच म्हणतात) मुरझाली आहे, मिट्टी बदलून बघा ना. रोज फोडणीला काड्या तोडून नेतात, त्यांचीच दृष्ट लागली असणार. मिट्टी बदलली नाही.

३० एप्रिल
आज त्याला सांगितलं की रिटायर झाल्यापासून फोन वाजत नाही. हे अनुराधालाही कधी बोललो नव्हतो. ऐकताना तीन पानं गळली. फार हळवं आहे.

८ मे
व्हिडिओ कॉल. नात गोड आहे. अनुराधा म्हणाली, कढीपत्ता दाखवा. नेटवर्क गेलं म्हणून सांगितलं. नेटवर्क फुल होतं.

१९ मे
नुसती काठी उरली. नखाने खरवडलं, आत हिरवं नाही. रडू आलं. बिट्टन मार्केटच्या हाटात नवीन रोप बघितलं. वीतभर. उन्हाने आकसलं, असं सांगता येईल का? येणार नाही. तसाच परतलो. ताक मात्र चालू ठेवलंय, न जाणो.

१४ जून
अनुराधा आली. बॅग हातात तशीच, थेट गॅलरीत. मातीवर पांढरी पापडी धरली होती. तिने बोटाला लावून चाटून बघितली. ताकात मीठ घालत होतात का, असं विचारलं. चवीपुरतं, म्हणालो.

त्यानंतर ती एक शब्दही बोलली नाही. काठीशेजारी बसून राहिलो. शांतता हवी होती, ती आता घरभर आहे. अजिबात सहन होत नाही.

जेवताना पुढ्यात ताक आलं. अळणी. मुकाट्याने प्यायलो.