आधी जेवण, मग माती

अंबाजोगाई,
५ फेब्रुवारी १९८७

ती. मामांस,
सत्यभामाचा शि. सा. न. वि. वि.

वसतिगृहात मी खुशाल आहे. तालमीच्या हौदातली माती भिजवायलाही पाणी उरलं नाही, असं आईनं कळवलं. फार वाईट वाटलं. त्या मातीत उतरायला मी लहानपणी किती रडायची, आणि तुम्ही मला मुलगी म्हणून दारात बसवायचात! आता बघा, मी ज्युदो शिकते.

महाशिवरात्रीनंतर जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. सरांनी पळणं, बैठका, दोर चढणं अशी कसोटी लावलीय. ते सगळं जमतं. अडलंय वजनावर. अठ्ठेचाळीस किलोच्या गटात तगडं कुणी नाही, तिथं माझी निवड नक्की. म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय. परवा दोरावरून हात सुटला, पण काळजी नसावी. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो दुष्काळातही आटू देऊ नका.

तुमची भाची,
सत्यभामा

नांदूरघाट,
१२ फेब्रुवारी

चि. सत्यभामा हिस,
अनेक आशीर्वाद.

काळजी नसावी म्हणे! तुझी मामी दिवसभर माझ्यावरच तणतणतेय, की पोरगी उपाशी ऱ्हाऊन काय दोर चढनार हाय.

बहात्तरच्या दुष्काळात पोरं दिवसभर खडी फोडून उपाशीपोटी बैठका मारायची. लाजेनं कुणी बोलायचं नाही. त्यातला धर्मराज चक्कर येऊन हौदात पडला, तेव्हापासून माझ्या तालमीत पहिली कसोटी एकच, रात्री जेवलास का. नाही म्हणणाऱ्याचा पाय मातीला लागू देत नाही, मग तो केवढाही पैलवान असो. तुला दारात बसवलं खरं, पण हे तिथंही ऐकू येत होतं.

हौद कोरडा पडला तरी पोरं येतात, अंगणात जोर काढतात. दूध सोसायटी बंद पडलीय, म्हणून म्हशीचं असेल तेवढं दूध त्यांनाच वाटतो. तू वरच्या गटात खेळ. हरलीस तरी चालेल, पण जेवून हर. तब्येतीला जप आणि आमच्यावर राग धरू नकोस.

तुझा मामा,
सर्जेराव

अंबाजोगाई,
३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. जेवले, वरच्या गटात खेळले आणि शेवटच्या लढतीत हरले. संघातली जागा गेली. दोन दिवस तुमच्यावर रुसून बसले होते. सर मात्र म्हणाले की तुझ्या अंगात आता जोर दिसतो, पुढच्या वर्षी याच गटात ये.

आता तुमची पाळी. मामींनी सगळं कळवलंय. रात्रीची भाकरी पोरांना वाढता आणि पोट भरलंय म्हणून उठता, होय ना? मग वस्ताद, तुमचाही पाय मातीला लागायचा नाही. जेवेपर्यंत तुम्हाला दारात बसवावं, असं मी मामींना लिहिलंय. रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची,
सत्यभामा

नांदूरघाट,
१० मार्च

चि. सत्यभामा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामीनं हुकूम तंतोतंत पाळला. सगळ्या पोरांदेखत मला तालमीच्या उंबऱ्यावर बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. पोरं पोट धरून हसत होती. जेवलो, मगच आत सोडलं.

सुट्टी लागली की ये. धुण्याचं पाणी ओतून हौदाचा एक कोपरा मऊ केलाय. तिथं अजून कुणाला उतरू दिलेलं नाही, पहिला पाय तुझा. मात्र आदल्या रात्री जेवून ये.

तुझा मामा,
सर्जेराव