नालाच्या आकाराची टाकी

४ फेब्रुवारी

हॉलची फरशी खडूने भरून टाकलीये! केर काढायला गेले तर हे गुडघ्यांवर. "पाय देऊ नकोस, टाकी आहे."

घोड्याच्या नालासारखा आकार. तीन बाजूंनी पाणी, चौथी बाजू मोकळी. नालाच्या पोटात दोन चौकोन. "ह्या खुर्च्या. ही तुझी, ही माझी. आत बसायचं. तिन्हीकडे झाडं आणि मासे." अडतीस वर्षं काचेच्या दुकानात लोकांच्या टाक्या केल्या, सगळ्या खोक्यासारख्या सरळ. स्वतःच्या घरात वाकडी हवी.

केर तसाच राहिला.

५ फेब्रुवारी

खडू पुसू देत नाहीत. भिंतीला चिकटून स्वयंपाकघरात जाते.

१६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दिव्यासमोर धरले. ह्यांनी विचारलं, "काच किती जाडीची आहे?" डॉक्टर हसले. मी नाही.

हे चपला घालत होते तेव्हा डॉक्टर मला हळूच म्हणाले, "हातातलं काम शेवटी जातं. माणसं त्याच्या आधी."

लेकीला फोन केला. "आई, ह्या वयात घरात तळं कसलं करताय? बाबांना आराम करू दे." आरामाने काय होणार, ते काही तिने सांगितलं नाही. टाकी करायचीच. हात आहेत तोवर, आणि त्यात माझी खुर्ची आहे तोवर.

२ मार्च

दाताच्या डॉक्टरकडून परत आले तर फरशी स्वच्छ पुसलेली आणि पुठ्ठ्याचा साचा तयार! एकट्याने केला. कोन न् कोन गुण्याने तपासलेला. आनंदाने चहा दोनदा केला.

हॉलच्या मधोमध एक खुर्ची ठेवलेली, पाय खडूने पांढरे झालेले. पुसून जागेवर ठेवली.

११ मार्च

जुन्या दुकानात गेलो. तिथले ह्यांचे जोडीदार— सगळे त्यांना मिलिमीटरच म्हणतात. "या वहिनी! आज आमचा वाघ आलाय, सगळ्यांनी बाजूला व्हा!"

वाकडी काच इथे होत नाही. वळण म्हणजे अकरा सरळ तुकडे, कोनात जोडायचे. सगळे ह्यांनीच कापले. काचेवर कापायचा हिरा फिरवताना हात जरासुद्धा थरथरला नाही. एक बारीक कर्र, मग दोन बोटांचा दाब— काच सुटली. मिलिमीटर म्हणाले, "वहिनी, हा माणूस विसरतो म्हणता? माझी एक चूक विसरला असेल तर शपथ!" तिघेही हसलो.

रिक्षात हे म्हणाले, "चांगला माणूस आहे. नवीन लागलाय वाटतं."

१९ मार्च

ह्यांनी आणि मिलिमीटरनी तीन दिवस घरी खपून टाकी जोडली. आज चिकटपट्ट्या काढल्या. उभी राहिली! मी दोन खुर्च्या आणल्या. एक आत गेली. दुसरी जाईना. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली.

मिलिमीटरनी टेप लावली. "साच्याप्रमाणेच आहे वहिनी. एक मिलिमीटर इकडे-तिकडे नाही." साचा आणून पाहिला. खरंच. साचाच एका खुर्चीचा.

हे दारात हात पुसत उभे होते. "दोन कशाला? कोण येणार आहे?"

मिलिमीटर खाली वाकून हत्यारं गोळा करत राहिले. चारच तर हत्यारं होती.

२० मार्च

मिलिमीटरचा फोन— "परत कापू या, वहिनी." नको म्हटलं. ह्यांच्या हातून तशी रेघ पुन्हा येईल याची खात्री त्यांना नव्हती. मलाही नव्हती.

३० मार्च

तळाला माती, वर बारीक खडी, मध्ये एक वेडंवाकडं लाकूड. मी रोप पुढे करायचं, ह्यांनी चिमट्याने खोचायचं.

"मूळ चेंगरू नकोस."

"अहो, चिमटा तुमच्या हातात आहे!"

वर्षभरात एवढं बोललो नव्हतो.

पाणी भरलं. थेंबभर गळालं नाही. मासे मात्र महिन्याने. पाणी जुनं व्हावं लागतं, घाई केली तर मासे मरतात— असं ह्यांनीच मला समजावलं.

६ एप्रिल

सकाळी हे खुर्चीत बसून रडत होते. "सगळे मासे मेले. मी घाई केली."

अहो, मासे अजून आणलेच नाहीत, म्हटलं.

"खरं?" केवढा उजळला चेहरा!

७ एप्रिल

पुन्हा.

१४ एप्रिल

रोज सकाळी न आणलेल्या माशांचं दुःख. मी चिठ्ठी लिहून काचेवर लावली. "हे कोणी लिहिलं?" पटेना. मग त्यांच्याच हातून लिहून घेतली— 'मासे अजून आणलेले नाहीत. कोणी मेलेलं नाही.'

आज वाचली, मान डोलावली, चहा घेतला. स्वतःच्या अक्षरावर विश्वास आहे. माझ्या

जाऊ दे.

८ मे

मासे आले. वीस! लाल-निळ्या पट्टीचे, नखाएवढे. मिलिमीटरनी पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासे हळूच सोडले. झाडं केवढी दाटलीत. हे मोजत बसले— वीस, पुन्हा वीस. मी खुर्चीमागे उभी होते.

चिठ्ठी काढून ह्या वहीत ठेवली.

९ मे

सकाळी ह्यांनी माशांचं काहीच विचारलं नाही. चहा घेऊन मी थांबले होते. विचारतील म्हणून! वेडीच मी.

२१ मे

चहा घेऊन गेले. चाहूल लागली तसे हे लगबगीने उठले. कॉलर नीट केली.

"या ना. मासे बघायला आलात?"

हो, म्हटलं.

"एकच खुर्ची मावते हो इथे. तुम्ही बसा. मी काय, घरचाच."

बसले.